सरकीपुढची तिरपी रेघ

"मी नाही जात गेटावर! केलंच नाही तं माफी कायची मांगू?"

"तू नाही तर कोणी केलं? रिपोर्ट तुझ्या मशीनवरून बदलला. मशीनला काय हात फुटले?"

"ते मले काय माहीत? तुम्ही तं त्या दिवशी बुलढाण्याले मीटिंगमंधी समोसे खाऊन राह्यले होते!"

महादेवराव लालबुंद झाला. हा बियाण्याच्या कंपनीचा मॅनेजर. पोट पुढं, अक्कल मांगं. समोर उभी होती ते वैष्णवी, लॅबवाली. कपाशीचं बी उगवते का नाही ते पाहाचं अन् कॉम्प्युटरवर टाकाचं, हे तिचं काम. डोणगावच्या प्लॉटातून आलेलं बी तिनं नापास केलं होतं. कोनंतरी तिच्याच मशीनवरून ते पास करून टाकलं. पाकिटं भरले, इकले, सोनाळ्यापासून वडनेर भोलजीवरी लोकाईनं वावरात टोबले. कोंबच निंगाला नाही.

तेच लोकं आता गेटावर बसेल होते. आतून कंपनीचं कुलूप, बाहेरून आडवं लावेल ट्रॅक्टर. त्यात महादेवरावनं शहाणपना केला. खिडकीतून ओरडला, का वैष्णवी नावाच्या पोरीनं हे केलं, चहाच्या टायमाले तिले बाहेर आनतो. तवापासून बाहेर एकच नाव चालू होतं. वैष्णवी! वैष्णवी!

त्याच खोलीत प्रेमानंद फेऱ्या मारत होता. मलकापूरच्या नाजिश शेखचा तो कामातला जोडीदार. नाजिश डिटेक्टिव्ह, लग्नाआधीची चौकशी, घरून पळेल मानूस, सारं धुंडे. प्रेमानंद गाडी चालवे, अन् तिच्या डोक्यात काय चालू हाय ते वळखाची कोशिश करे. वळखू कधीच येत नसे. सकाळी महादेवरावनंच दोघाले बलावलं, अन् ते आत आले का मांगं ट्रॅक्टर आडवं झालं. खिडक्याईले जाळ्या. पंखा गरम हवाच फेकत होता.

"प्रेमानंदभाऊ, फेऱ्या मारू नका. माहं डोकं फिरते," नाजिश म्हनली.

"मॅडम, ते आत घुसले तं पोरीचं काय होईन?"

"म्हून तं म्हनते, बसा."

पहिले तिनं वैष्णवीलेच इचारलं, "रिपोर्ट बदलला तवा तू कुठं होती?"

"खाली, डबा खात. मशीन वर चालूच होती. सकाळी एकदा पासवर्ड टाकला का दिवसभर पुसत नाही. अन् पास-नापास फक्त लॅबच्याच मशीनवरून होते."

"कंपनीची साइट उघडते कशी?"

"वरच्या पट्टीत नाव टाकाचं. सरकी, इंग्रजीत. अन् पुढं एक तिरपी रेघ."

"रेघ काऊन?"

"आसिमभाऊनं सांगतलं. माह्या नव्या मशीनवर रेघेबिगर जमत नाही."

मंग आसिम आला, कॉम्प्युटरवाला. पोरगा हुशार, पन बोलताना सारखा चष्मा पुसे.

"सरकी आपल्या आतल्या साइटचं नाव हाय मॅडम. बाहेर ते दिसत नाही. पन ब्राउझरची खोड कशी, पट्टीत एकच शब्द टाकला का त्याले वाटते तुम्हाले नेटवर काही धुंडाचं हाय. भलतीकडंच नेते. म्हून मी सगळ्या मशीनवर सेटिंग मारेल हाय. एक शब्द टाका, सीधं आपली साइट."

"सगळ्या?"

"लॅबची सोडून. तिची जुनी मशीन व्होल्टेजनं जळाली. नवी लावली अन् मी भाच्याच्या शादीले गेलो. रिपोर्ट बदलला तवा तिकडंच होतो. आल्यावर तिचं रेघेनं भागत होतं, म्हून सेटिंग राहूनच गेली. रेघ टाकली का ब्राउझरले समजते, हे साइटचं नाव हाय. ते फक्त वैष्णवीलेच सांगतलं मी."

तो गेला तसा प्रेमानंद कुजबुजला, "हाच हाय. शादीतून दुरून केलं असन. हे कॉम्प्युटरवाले करते बरं असं."

"हाव का? मंग तुम्हीच घ्या माही फी," नाजिश म्हनली.

तिसरा दयाराम, गोडाऊनवाला. कंपनी उघडली तवापासूनचा मानूस. आला तोच हसत.

"इचारा बाई. कोंडूनच ठेवेल हाय तं गप्पा तरी मारू."

"लॅबमंधी जानं होते का भाऊ?"

"नवी मशीन आल्यापासून जिना चढलो नाही. गुडघे गेले. मले माही गोडाऊनची मशीन बरी."

"मोबाइलवर पाहत असान साइट."

दयारामनं खिशातून बटनाचा फोन काढला. "ह्या डब्ब्यावर? वाजला का बोलाचं, एवढंच."

"अन् घरी कॉम्प्युटर?"

"घरी म्हशी हायेत दोन. शिकेल पोरगी होती, तिले डोणगावले देली. अन् ह्या आसिमनं नाव बी काय ठेवलं, सरकी! टाकलं का म्हशीच्या ढेपीचे भाव येतात समोर. कंपनीचं काम होवो ना होवो, माह्या म्हशी खूश!"

प्रेमानंद खदखदून हसला. सकाळपासून पहिल्यांदा. नाजिश बी हसली, पन जराशी.

मंग ते प्रेमानंदले घेऊन वर लॅबमंधी गेली. मशीनच्या पट्टीत तिनं पहिलं अक्षर टाकलं. खाली दोन नावं लोंबले. एक सरकी रेघवाली. दुसरी बिनरेघेची, तिच्या बाजूले भिंगाचं चित्र, म्हंजे नेटवर धुंडेल. नाजिशनं जुन्या नोंदी उघडल्या. बिनरेघेची एकदाच होती, रिपोर्ट बदलला त्याच दुपारची.

"याच्यात काय हाय मॅडम?"

"बलावा सगळ्याईले. दयारामभाऊले हात द्या, गुडघे दुखतात त्याईचे."

सगळे जमले. बाहेरचा कालवा इथं अजून जास्त ऐकू येत होता.

"वैष्णवी रेघ टाकते," नाजिश म्हनली. "आसिमले बी रेघ माहीत. अन् दुरून काम करनारा इथं बसून पट्टीत कायले टाइप करीन? पन त्या दुपारी कोनंतरी ह्या खुर्चीवर बसून नुसतं सरकी टाकलं. त्याले वाटलं, आपल्या मशीनवर उघडते तसं उघडीन. सेटिंग नव्हती, ब्राउझर नेटवर गेला. तो मानूस थबकला. मंग त्याले खाली रेघवाली दिसली, तिच्यावर बोट दाबलं, अन् काम केलं."

"साहेब बी असू शकते मंग," प्रेमानंद म्हनला. महादेवराव त्याले खाऊ का गिळू असं पाहे.

"साहेब बुलढाण्याले समोसे खाऊन राह्यले होते ना. आता पाहा, नेटवर गेल्यावर काय दिसते." नाजिशनं बिनरेघेची सरकी टाकली. पडदा भरून गेला. सरकी ढेप, आजचे भाव.



"दयारामभाऊ, तुमच्या गोडाऊनच्या मशीनवर सीधं साइट उघडते. फोन बटनाचा, घरी म्हशी. मंग हे ढेपीचे भाव तुम्ही पाह्यले कुठं? अख्ख्या कंपनीत ते ह्या एकाच मशीनवर दिसतात. अन् तुम्ही तं जिना चढलेच नाही."

दयाराम जिन्याकडं सरकला. नाजिश थांबली नाही.

"प्लॉट डोणगावचा. पोरगी बी तिथंच देली."

"व्याह्याचा हाय तो प्लॉट," दयाराम म्हनला. "बी नापास झालं तं पोरीले तुह्या दारात आनून बसवतो म्हने तो. मले वाटलं, थोडं तरी निंगन. लोकं पुन्हा टोबतीन, कोनाच्या ध्यानात येनार नाही."

"अन् माह्या नावानं सकाळपासून बोंब चालू हाय, ते आलं ध्यानात?" वैष्णवी पुढं आली. "काका म्हनते मी तुम्हाले. तुम्ही खाली बसून म्हशीचे जोक मारून राह्यले!"

तेवढ्यात जाळीवर दगड आदळला. वैष्णवी भिंतीले चिकटली.

"पोलिसांची गाडी येऊ द्या," महादेवराव म्हनला. "तोपर्यंत कोणी बाहेर तोंड उघडायचं नाही. कंपनीची इज्जत—"

"गाडी येईवरी ह्या पोरीचं काय?" नाजिश कडाडली. "नाव तुम्ही देलं त्याईले!"

बाहेर ते नाव आता टाळ्याईच्या तालावर चालू होतं. दयाराम ऐकत उभा होता. मंग त्यानं हात पुढं केला.

"गेटाची चावी द्या साहेब."

"वेडा झालास का? मारतील तुला."

"चावी द्या."

प्रेमानंद दारात आडवा झाला. आपन काऊन झालो ते त्याले बी समजलं नाही. त्याच्या छातीवर दयारामनं हात ठेवला, हळूच, म्हशीले बाजूले सारते तसा.

"हाट भाऊ. चुकीचं नाव घेऊन राह्यले ते. मले आता जा लागते."