सातवं डोकं

खरं-खोटं तुम्हीच ठरवा, असं म्हणून हात झटकायची ही गोष्ट नाही. ही घडलेली आहे. ज्यांच्यासोबत घडली ते खाजाभाई आजही नांदेडात राहतात.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात.

इथं तीही नव्हती.

लातूर. फेब्रुवारी २०१९. शनिवारी दुपारी चारचा सुमार, लख्ख ऊन.

खाजाभाई 'त्रेचाळीस डिग्री' या नांदेडच्या रॉक बँडचे मॅनेजर. नव्वदच्या सुमाराला बँड म्हटलं की लोक विचारायचे, "घोडा पण तुमचाच का?" तेव्हापासून गाणी लिहायची यांनी, गाडी ठरवायची यांनी, वायर तुटली तर जोडायचीही यांनीच. मिरवायचं मात्र गायकानं. पोस्टरवर यांचं नाव कधी आलं नाही. आता वय बावन्न. कंबर गेलेली, झोप उडालेली. माणूस पार थकला होता.

पण एक काम त्यांनी कधी दुसऱ्याला करू दिलं नाही.

निघताना माणसं मोजायचं.

ड्रायव्हर सोडून सहा जण. प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजायचं. मगच म्हणायचं, "चला."

त्यामागे एक रात्र होती...

२९ सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन. औसा तालुक्यातल्या एका गावात कार्यक्रम होता. रात्री एकला सामान भरलं. गाडीत अंधार, सगळे गोधड्या पांघरून आडवे. खाजाभाईंनी दारातूनच बोट फिरवून मोजलं. स्वतःला धरून सहा.

"चला."

लातूरला चहाला उतरले, तेव्हा पाचच निघाले.

ज्याला सहावं डोकं समजले, तो गोधडीत गुंडाळलेला ड्रम होता. ड्रम वाजवणारा पंढरी मागंच राहिला होता. लोह्याचा पोरगा, बायको सिंधू पोटुशी.

"परत जावं का?" ड्रायव्हरनं विचारलं.

खाजाभाई दमलेले होते. म्हणाले, "जाऊ दे. सकाळच्या एसटीनं येईल."

चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली.

ते गाव राहिलं नाही. पंढरी सापडलाही नाही.

पुढं नवा ड्रमवाला आला, बँड पुन्हा सहा जणांचा झाला. पहिल्याच दौऱ्याला खाजाभाईंनी एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजलं.

सात भरले.

पुन्हा मोजलं... सात.

कोण जास्तीचा आहे ते बघायला गेलं की सहाच दिसायचे. मोजायला हात लावला की सात. पंचवीस वर्षं हेच चाललं होतं. हा आपल्याच मनाचा खेळ आहे, अशी खाजाभाईंनी स्वतःची समजूत घातली होती. कुणाला सांगितलं नाही. सात भरले की म्हणायचं, "चला."

तर लातूरची ती दुपार. एका क्लासेसच्या पोरांचा निरोप समारंभ होता. पत्र्याच्या हॉलमध्ये दोन हजार पोरं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि सगळी एका सुरात ओरडत होती, "पाच मिनिटं झोपू दे गं, पाच मिनिटं झोपू दे!" गाणं खाजाभाईंचं. टाळ्या गायक हरिओमला.

कार्यक्रम संपला. खाजाभाईंनी बँडमधल्याच भाच्याला बोलावलं.

"शहेबाज, आजपासून तू सांभाळ. माझ्यानं आता होत न्हाई."

"मामू, असं काय बोलून राहिले?"

"हात लावून मोज. आपण सहा हाव. सहा भरले की निघायचं."

सात म्हणाले नाहीत. शहेबाजनं मोजल्यावर सहाच भरतील, मग आपल्या डोक्यातलं खूळही जाईल, एवढीच त्यांना आशा होती.

बॅग आणि मोबाईल सीटवर ठेवून ते हॉलमागच्या नळावर तोंड धुवायला गेले. तिथं एक पोरगी वही घेऊन उभी होती. भोकरची लायबा, डॉक्टर व्हायला आलेली.

"सर, ते झोपेचं गाणं तुम्ही लिव्हलंय म्हणे? सही देता का?"

सही! आयुष्यात पहिल्यांदा कुणी मागितली होती. खाजाभाईंना भरून आलं. सही केली, खाली दोन ओळीही लिहून दिल्या.

परत आले तर...

गाडी नव्हती.

वॉचमनच्या फोनवरून शहेबाजला लावला. उचलेना. दहादा लावला. तासाभरानं उचलला, मागं गाणी मोठ्यानं चालू होती.

"कोण?"

"अरे मी. मला सोडून गेलाव की रे!"

शहेबाज हसला.

"मामू, मजाक नका करू. तुम्ही तर मागं झोपलाव."

खाजाभाईंनी फोन कानाला घट्ट धरला.

"मोजलं न्हाई का मी? हात लावून. मला धरून सहा."

"मागचा... तोंड दिसतंय का त्याचं?"

गाडीतली गाणी बंद झाली.

"टॉवेल हाय तोंडावर." शहेबाजचा आवाज बारीक झाला. "मामू... हाताला माती लागली होती माझ्या. मला वाटलं, तुम्ही कुठं पडलाव काय."

भर उन्हात खाजाभाईंनी आपल्या तळहाताकडे पाहिलं.

म्हणजे मनाचा खेळ नव्हता. दुसऱ्यानंही मोजला होता.

"कुठं हाव तुम्ही?"

"अहमदपूर गेलं. लोहा येईल आता. उठवू का याला?"

"न्हाई! हात लावू नको. झोपू दे. लोह्याच्या स्टँडपाशी गाडी उभी कर. मागचं दार उघड. दोन मिनिटं थांब. मागं वळून बघू नको."

शहेबाजनं तसंच केलं. तो म्हणतो, दार उघडल्यावर गाडी एका बाजूनं जराशी उचलली गेली, कुणी उतरल्यावर उचलते तशी.

दार लावलं तेव्हा मागची सीट रिकामी होती.

खाजाभाई रात्रीच्या एसटीनं नांदेडला आले. पंचवीस वर्षांनी गाढ झोपले. पंढरी घरी पोचला, आपण सुटलो, असं त्यांना वाटलं.

पुढच्या महिन्यात उदगीरचा कार्यक्रम ठरला. शहेबाज तापानं पडलेला, त्याच्या जागी दुसरा मुलगा घेतलेला. मोजायला खाजाभाईच उभे राहिले.

एक... दोन... तीन... चार... पाच...

स्वतःला धरून सहा.

पुन्हा मोजलं. सीटखाली वाकून पाहिलं. डिकी उघडून पाहिली.

सहाच.

"भाई, सगळे आले की," हरिओम म्हणाला. "काढायची ना गाडी?"

हिशोब बरोबर होता. पण सातशिवाय गाडी सोडायची सवयच राहिली नव्हती. कुणीतरी मागं राहतंय, हे काही केल्या मनातून जाईना.

ते दारात तसेच उभे राहिले.

इंजिन चालू होतं. "चला" हा शब्द त्यांच्या तोंडातून निघत नव्हता.