चिमटीतला कागद

"हळद लावलीय?"

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या दवाखान्यात चक्क मराठी! मी दचकून वर पाहिलं. कोटावर नाव होतं, डॉ. वेदांग खरे. माझा पिवळाधमक अंगठा पाहून स्वारी हसू दाबत होती.

"आईनं फोनवर सांगितलं... मुरगळला असेल म्हणाली."

शनिवारी ऑफिसच्या मंडळींबरोबर स्कीइंगला गेले होते. पडले, पण हातातली काठी काही सोडली नाही. अंगठा बाहेर खेचला गेला, आणि मी शहाणी लेप लावून घरी बसले.

"पडताना काठी सोडायची असते."

"धरलेलं सोडत नाही मी."

"हं... दिसतंय ते."

एक्स-रेमध्ये हाड शाबूत होतं. मग त्यानं आधी माझा चांगला अंगठा हलकेच बाजूला वाकवून पाहिला, नंतर दुखरा. दोन्हींतला फरक पाहायचा असतो म्हणे. मला मात्र त्याच्या बोटांची ऊब तेवढी कळत होती. सोनोग्राफी झाल्यावर त्यानं अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कागद धरायला दिला आणि अलगद ओढला. कागद सटकन निसटला. माझे डोळेच भरून आले.

"गणपतीत सगळ्या मंडळाचे मोदक मी करते. कळ्या कशा काढू आता?"

"लिगामेंट अर्धवटच फाटलंय. ऑपरेशन नको. सहा आठवडे स्प्लिंट, मग व्यायाम. येतील कळ्या," तो म्हणाला. "पण सारणात जायफळ घालता ना?"

पुढच्या तपासण्यांना मी कुर्त्याला इस्त्री करून जाऊ लागले.

"डॉक्टर, अंगठा इकडे आहे."

"आल्झो... म्हणजे, बघतोय की."

अंगठा बरा होऊच नये, असं वाटण्याइतकं माझं डोकं फिरलं होतं. मला तो आवडत होता. अगदी मनापासून.

स्प्लिंट निघायच्या दिवशी खोलीत भलत्याच डॉक्टरीणबाई! डॉक्टर खऱ्यांनी तुमची केस माझ्याकडे दिली, म्हणाल्या. कंटाळला असेल मला. त्यांनी कागद ओढला, तर मी रागानं इतका घट्ट धरला की तो फाटलाच. बाई खूश.

बाहेर सायकलींपाशी, भुरभुर पावसात, वेदांग उभा.

"केस का सोडलीत?" मी फणकारले.

"पेशंटला कॉफीला बोलावता येत नाही हो." त्याचे कान लाल झाले होते. "आता मी तुमचा डॉक्टर नाही, मैथिली. म्हणून... याल?"

मी त्याच्या कोटाची बाही चिमटीत धरली.

"ओढून बघा."

त्यानं ओढली, अगदी हळू. बाही सुटली नाही.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," मी म्हणाले, "धरलेलं सोडत नाही मी."