न्हाव्याच्या झाडाने पाणी सोडलं

“आधी लोहाराचं झाड! त्यावर खरे नाल टांगलेत!” बटाट्या ओरडला.

“आधी रांगेत चालायचं!” कर्नलने हुकूम सोडला.

कर्नल म्हणजे बटाट्याची तेरा वर्षांची ताई. सुट्टीत मामाकडे आल्यापासून तिने कुणाला श्वासही बिनहुकमाचा घेऊ दिला नव्हता. मामा गावातल्या तीनशे वर्षांच्या चर्चचा रखवालदार. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची नऊ वर्षांची लेक चिमणी राहत. नाताळात गावातला प्रत्येक धंदेवाला चर्चमध्ये आपलं एक झाड सजवी. यंदा अठरा झाडं होती.

चिमणी पाण्याचा जग सांभाळत पुढे चालली होती. तोडलेल्या झाडालाही तहान लागते, म्हणून बुंधे बादल्यांत उभे करून रोज सकाळी प्रत्येकाला एक जग पाणी घालायचं, हे बापलेकीचं काम.

“न्हाव्याचं झाड पाणीच पीत नाही गं ताई,” ती म्हणाली. “झाडं लावल्यापासून दोन दिवस सगळं पाणी बाहेर सांडतंय, आणि पानं गळतायत. बाबा म्हणाले, आज बादली उपसूनच बघतो.”

तेवढ्यात आतून आवाज आला. धाडकन! पाठोपाठ काच खळ्ळकन फुटली आणि कुणीतरी कण्हलं.

तिघंही आत धावली. पाच झाडं आडवी पडली होती. काचेच्या गोळ्यांचा चुरा सगळीकडे पसरला होता. मधोमध मामा पालथा पडला होता, शेजारी शिडी, आणि त्याच्या डोक्यातून आलेलं रक्त फरशीच्या फटीतून वाहत होतं.

“बाबा!” चिमणीच्या हातातला जग फुटला.

मामाला रुग्णवाहिकेतून नेलं तेव्हा तो बेशुद्धच होता. फौजदारांनी तीन मिनिटांत तपास उरकला. “शिडीवरून पडला, झाडं घेऊन पडला. स्पष्ट आहे!”

मग फादरांनी भिंतीतलं कपाट उघडलं आणि ते मटकन खाली बसले. चांदीचा जुना पेला आणि दोन मेणबत्तीदाण्या गायब होत्या!

“चाव्या कुणाकडे? रखवालदाराकडे!” चर्च समितीचे अध्यक्ष कडाडले. “चांदी आधीच कुठेतरी दडवली आणि पळताना पडला. संध्याकाळपर्यंत खोल्या रिकाम्या करा!”

“माझे बाबा चोर नाहीत!” चिमणी किंचाळली. अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कर्नलचं डोकं असं सणकलं, की तिला हुकूमच सुचेना.

“पसारा मी आवरतो, साहेब,” मंडपवाला नम्रपणे म्हणाला. झाडं उभी करण्याचं काम त्याचंच होतं. दारासारखा रुंद माणूस. त्याने एक झाड बादलीसकट उचललं आणि बाजूच्या दाराशी नेऊन ठेवलं. “मागे गाडी लावतो, की झालं.”

बटाट्याने कर्नलला कोपरखळी मारली. “ताई, पाच झाडं पडलीत. याने उभं असलेलं का उचललं? तेही न्हाव्याचं!”

“अहो साहेब—” कर्नलने तोंड उघडलं.

“पोरांनो, बाहेर!” फौजदारांनी त्यांना हाकललं आणि मोठी माणसं चहाला गेली.

दोन मिनिटांत तिघं बाजूच्या दाराने पुन्हा आत आली. झाडाला लटकवलेले कंगवे बाजूला सारून कर्नलने ते आडवं केलं. चिमणीने बादलीत हात घातला. वर थोडीशी वाळू, खाली प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेलं गाठोडं!

“बुंधा याच्यावर टेकला होता,” ती पुटपुटली. “पाण्याला जागाच नव्हती. बाबांनी हेच पाहिलं...”

“हो, पाहिलं,” मागून आवाज आला.

दारात मंडपवाला उभा होता. हातात लोखंडी पहार, आणि पहारेच्या टोकावर वाळलेलं रक्त.

“पळा!” कर्नल ओरडली.

पहार सुसाटत आली. कर्नल वाकली म्हणून वाचली, मागचा बाक मात्र फुटला. बटाट्याने त्याच्या पायाला मिठी मारली. त्याने लाथेसरशी पोराला खांबावर भिरकावलं. कट्कन आवाज झाला आणि बटाट्याचा हात लुळा लोंबू लागला. चिमणी गाठोडं छातीशी धरून निसटत होती, त्याने तिला वेणीला धरून उचललं.

“सोड तिला!” कर्नलच्या हाताला लोहाराचं झाड लागलं. तिने एक नाल भिरकावला. तो चुकला. दुसरा थेट तोंडावर बसला! दोन दात आणि रक्त फरशीवर सांडलं. चिमणी सुटली. मंडपवाला पिसाळून कर्नलवर धावला आणि पहार उगारली. बटाट्या एका हाताने, रडत, कोळ्याच्या झाडावरचं मासे धरायचं जाळं ओढत होता.

“ताई, खाली बस!”

झाड जाळ्यासकट मंडपवाल्यावर कोसळलं. तो जितका धडपडला तितका गुरफटला. तरी पहार हातात होतीच, आणि एकेक दोर तट्तट् तुटत होता.

“चिमणे, घंटा!” कर्नल ओरडली.

चिमणी रखवालदाराची लेक. कोणत्या ठोक्यांना काय अर्थ, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. तिने दोराला लोंबकळून दणादण, न थांबता ठोके दिले. म्हणजे आग! अख्खं गाव पाण्याच्या बादल्या घेऊन धावत आलं आणि सवयीप्रमाणे आधी पाणी ओतलं, मग विचारलं, “आग कुठाय?”

जाळ्यात भिजलेला मंडपवाला थुंकत होता. चिमणीने गाठोडं सोडलं. पेला चमकला. फादरांनी कपाळाला हात लावला. झाडं लावण्याच्या दिवशी कपाट आपणच उघडं टाकलं होतं, हे त्यांना आता आठवलं. पहारेवरचं रक्त बघून, शिडी आणि झाडं यानेच मागाहून पाडली हे कळून फौजदारांनी कान खाजवला. “या पोरांनी आमचं काम केलं,” ते ओशाळून म्हणाले. “शाबास रे!”

दुपारी इस्पितळात मामाने डोळे उघडले. डोक्याला अकरा टाके, शेजारच्या खाटेवर प्लास्टरमधला बटाट्या. दारात अध्यक्ष टोपी हातात घेऊन उभे होते. “खोल्या तुझ्याच आहेत. माझं चुकलं,” ते म्हणाले. मग चिमणीकडे वळले. “पोरी, तुझंही ऐकायला हवं होतं मी.”

मामाने हळूच मान हलवली आणि लेकीचा हात धरला. “चिमणे, झाडांना पाणी घातलंस?”

“घातलं, बाबा. जग फुटला, म्हणून तांब्याने.” चिमणीला आता कुठे रडू फुटलं. “अठरांना! न्हाव्याचं झाडही प्यायलं!”