सहा महिन्यांची सुई

२०४१ साली सहामाही सुई सिन्नरला आली. तोवर हंसाबाईंच्या फ्रिजच्या दारात, लिंबांशेजारी, इन्सुलिनची दोन पेनं असत. एक लांब पल्ल्याचं: रात्री टोचलं की दिवसभर अंगात संथ झिरपायचं. दुसरं झटपट: जेवणाआधी टोचायचं, पाव तासात कामाला लागायचं, चार तासांत संपायचं. जेवायचं नसेल त्या वेळी ते टोचायचंच नाही.

सहामाहीने दोन्ही पेनं घालवली. दंडात एकदा सोडलेलं औषध सहा महिने दोन्ही कामं करी. मात्रा रोजच्या जेवणावरून ठरवलेली.

"आणि एखाद्या दिवशी नाही जेवले तर?" हंसाबाईंनी विचारलं.

"काहीतरी खायचंच, मावशी," सरकारी दवाखान्यातल्या डॉ. फरजाना मुलाणी म्हणाल्या. "एकदा दिलं की काढता येत नाही."

"आमच्या अक्का कसल्या उपाशी राहतात," धाकटी जाऊ मंदा म्हणाली. "एकादशीलासुद्धा दुप्पट खातात."

श्रावणात हंसाबाईंचा एकुलता एक मुलगा सुहास घोटीच्या रस्त्यावर अपघातात गेला. घरात चूल पेटली नाही. शेजारून पिठलं-भात आला.

"दोन घास घ्या, अक्का. अंगात औषध आहे."

"ठेव. जेवते मी."

मंदा आल्यागेल्यांकडे वळली. परतली तेव्हा ताट रिकामं होतं. भात मागच्या दारी कुत्र्याने खाल्ला, हे कुणी पाहिलं नाही.

दुपारी हंसाबाईंना दरदरून घाम आला. हात कापू लागले. त्या काहीबाही बोलल्या, मग भिंतीला टेकून गप्प झाल्या.

"पोटचा गेलाय," बायका म्हणाल्या. "निजू द्या तिला."

साखर उतरल्याची आणि मुलगा गेल्याची लक्षणं सारखीच दिसत होती. मंदानेच दार लोटून घेतलं. तीन तासांनी ती पाणी घेऊन गेली, तेव्हा अक्का हाकेला ओ देईनात.

दवाखान्यात ग्लुकोजच्या सलाईनने साखर वर चढे, अंगातलं औषध ती पुन्हा खाली ओढी. सहा दिवस असंच चाललं.

डॉ. मुलाणींनी वर चार अहवाल पाठवले. माहितीपत्रकात फक्त एक ओळ वाढली: 'घरात दुःखद प्रसंग घडल्यास दर तीन तासांनी खावे.' त्यांनी नोकरी सोडली; आता मालेगावात त्यांचा लहानसा दवाखाना आहे. मंदाने अक्कांची पुढची सहामाही नाकारून खटपटीने जुनी पेनं मिळवली. ताटातलं किती पोटात गेलं हे स्वतः पाहते, मगच झटपट पेन टोचते.

हंसाबाई सातव्या दिवशी खाऊ लागल्या आणि वाचल्या. तो श्रावण मात्र त्यांच्या डोक्यातून पुसला गेला. दोन्ही वेळा घास घेण्याआधी त्या विचारतात, "सुहास जेवला का गं?"

"जेवला, अक्का."

आता त्यांनी ताट बाजूला सारलं, तर झटपट पेन टोचायचं नाही, इतकंच. उपाशी राहून रडायला त्या मोकळ्या आहेत. मग सुहास गेल्याचं मंदा अजून का सांगत नाही?