चार दिवसांची चाचणी

दुरुस्तीच्या दुकानाच्या दारात दोघांची टक्कर झाली. कॉम्प्युटरचा डबा लहान मुलासारखा कडेवर घेऊन ती आत शिरत होती, आणि दुरुस्तीवाला बाहेर पडत होता. निसटलेला डबा त्याने झेलला. तिची नजर मात्र... ती काही त्याला पेलली नाही.

"काय होतंय याला?"

"ओरडतो!"

खरंच होतं ते. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणं हे तिचं काम. पण तिने तोंड उघडलं की डब्यातले पंखे असे गरजत, की समोरच्या छपरावरची कबुतरं विमान आलं समजून सामानासकट रांग लावत. पटत नसेल तर कबुतरांना विचारा. प्रकाशकाने तिचा नमुना दोनदा परत पाठवला होता. येत्या शुक्रवारी शेवटची संधी होती.

"पाणी घालू," तो म्हणाला.

"कॉम्प्युटरमध्ये? शुद्धीवर आहात ना?"

"पंखे नुसतेच धापा टाकतात हो. पाणी गुपचूप नळीतून येतं, आतली गरमी उचलतं, कडेला नेऊन सोडतं. डबा थंड, गोंगाट बंद. मग खोलीत फक्त तुमचा आवाज..."

ती उगाचच ओढणी सारखी करू लागली.

सोमवारी सकाळी त्याने तिच्या घरी जाऊन नळ्या बसवल्या, गळती कळावी म्हणून सांध्यांखाली टिपकागद पसरले. "सध्या नुसता पंप चालेल. कागद कोरडे राहिले की बाकीच्या वायरी जोडायच्या. चार दिवस लागतील... मी रोज सकाळी येऊन बघेन."

आला की रोज! कागद बोटाने चाचपायचा, उजेडाकडे धरायचा, आणि कागदाआडून तिच्याकडे बघायचा. बुधवारी तिच्या आईने विचारलंच, "काय हो, एवढं काय लिहिलंय त्या कोऱ्या कागदावर?"

गुरुवारी तो घामाघूम होऊन आला.

"खोटं बोललो मी. चाचणीला एक दिवस पुरतो. आत्ता जोडून देतो, उद्यापर्यंत तुमचं रेकॉर्डिंग होईल. माझ्या नादात तुमची संधी हुकली असती तर—"

"मंगळवारीच पाठवलं."

"काय?"

"पंपासोबतची माहितीपुस्तिका मलाही वाचता येते. वाचणं हाच तर माझा धंदा! मंगळवारी तुम्ही गेल्यावर वायरी जोडल्या, दुपारी रेकॉर्ड केलं. काल त्यांचा होकारही आला."

"पण वायरी तर सुट्याच आहेत..."

"पुन्हा काढून ठेवल्या."

"का?"

ती पुन्हा ओढणी सारखी करू लागली. खोली इतकी शांत, की त्याच्या काळजाची धडधड स्वयंपाकघरात आईला ऐकू गेली आणि तिने कुकरची शिट्टी समजून गॅस बंद केला.

"तुम्हाला रोज यायला कारण हवं होतं," ती हळूच म्हणाली, "आणि मला... तुम्ही यायला हवे होतात."

त्याला बोलायचं होतं पुष्कळ. तोंडातून निघालं एवढंच, "मग उद्या?"

"उद्याही या ना," ती हसली. "पण ती हत्यारांची पेटी घरी ठेवून."