‘हॉलब्रुक’वरून आलेलं पाकीट

मकबूलचा जीव एका बुडालेल्या बोटीत अडकला होता. ‘हॉलब्रुक’ नावाची ती अमेरिकन विमानवाहू नौका महायुद्धात माणसांसकट तळाला गेली. तिच्यावर स्वतःचं टपालघर होतं. तिथला गोल शिक्का बसलेली पाकिटं मकबूल कुठून कुठून मागवायचा आणि जुईनगरच्या घरात अल्बममध्ये जपायचा.

एकदा एका गठ्ठ्यात त्याला कोरं पाकीट मिळालं. नौकेचं चित्र छापलेलं, पण शिक्का नाही, पत्ता नाही. शहाण्या संग्राहकाने ते तसंच ठेवलं असतं. मकबूलच्या डोक्यात मात्र किडा वळवळला. मुलगा फहाद मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून निघाला होता आणि त्याची बोट ‘हॉलब्रुक’ बुडाली त्याच पाण्यावरून जपानला जाणार होती.

“त्या पाण्यावरून गेलास की पुढच्या बंदरात तिकीट लावून पोस्टात टाक,” त्याने फहादला सांगितलं. “पत्ता आपल्या घरचा घातलाय मी. आता कोपऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव तू लिही. युद्धातल्या खलाशाला नाव आणि बोट लिहावीच लागायची. तुझं नाव, खाली हॉलब्रुक. तरच ते अस्सल दिसेल.”

“पण अब्बा, मी कुठे त्या बोटीवर आहे?”

“पेन्सिलीने लिही रे. नंतर खोडू. टेन्शन काय त्यात?”

पाकीट खराब होऊ नये म्हणून पेन्सिलीनेच लिहायचं, हा संग्राहकांचा रिवाज. फहादने हसत लिहिलं.

हलिमा दारात उभी होती. “फहादचे अब्बा,” ती म्हणाली, “मेलेल्या मानसांच्या बोटीवर पोराचं नाव कशाला चढवता? बरं नाय ते.” फहाद जन्मल्यापासून ती नवऱ्याला याच नावाने हाक मारायची. मकबूलने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. हौसेपुढे त्याला बायकोचं बोलणं कधी ऐकू यायचं नाही.

फहाद गेला. पुढे एका दुपारी पोस्टमनने पाकीट आणून दिलं.

ते ओलसर होतं. त्याला खारट, जळक्या तेलासारखा वास येत होता. मकबूलने भिंग लावलं आणि त्याला हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला. जपानचं तिकीट कुठेच नव्हतं. ‘हॉलब्रुक’चा गोल शिक्का मात्र होता, ठसठशीत. मग त्याने तारीख वाचली. ती याच महिन्याची होती.

नजर कोपऱ्याकडे गेली. अक्षर फहादचंच, पण आता शाईचं. त्याने खोडरबर काढलं, आधी हलक्या हाताने घासलं, मग जोर लावून. कागद सोलला, तरी खाली तीच शाई होती...

त्याने फोन उचलला. यादीत फहादचा नंबर नव्हता. मग त्याने सुधीरला फोन लावला. फहादला बोटीवर नोकरी लावून देणारा एजंट तोच.

“काका, कोण फहाद?” सुधीर म्हणाला. “त्या बोटीवर या नावाच्या कोणाला पाठवलंच नाही मी.”

स्वयंपाकघरातून हलिमाने विचारलं, “अहो, कोनाचा कागद हाय?”

अहो. ‘फहादचे अब्बा’ नाही.

“फहादचा,” तो कसाबसा म्हणाला.

“कोन फहाद?”

ती थट्टा करत नव्हती. समोरच्या भिंतीवर फहादच्या फोटोची नुसती चौकट लटकत होती. काचेमागे पांढरा कागद होता.

मकबूल खाली बसला. आपण काय करून बसलो, ते त्याला आता कळलं होतं. पोराला त्याने आपल्या हाताने त्या बोटीवर चढवलं होतं, एका पाकिटासाठी. तिथे तो एकटा होता. आणि इकडे त्याची आठवण काढणारंही आता एकच माणूस उरलं होतं.

त्याने आयुष्यात कधी पाकिटाला शाई लावली नव्हती. आज पेन घेतलं आणि कोपऱ्यात फहादच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं. ते लगेच वाळलं, जणू जुनंच होतं.

हलिमा ओले हात पदराला पुसत बाहेर आली आणि दचकून उंबऱ्यातच थांबली. डोक्यावरून पदर पुढे ओढत तिने हळू आवाजात विचारलं,

“भाईजान... कोन पायजे तुमाला?”