मातीवरची थाप

इंद्रजितने डावा हात तव्याच्या कडेला टेकवला आणि तिथेच ठेवला. कातडी चरचरली, स्वयंपाकघरात जळका वास पसरला, आणि तो मोठ्याने हसला.

"आली गं ईश्वरी! बधिरी आली!"

ईश्वरीने उलथनं टाकून नवऱ्याचं मनगट ओढलं. तव्याला कातडीचा पापुद्रा चिकटून राहिला होता. कळ गेली ती तिच्या पोटात. त्याला काहीच नव्हतं.

वाळवंडीच्या तालमींत बधिरी तपासायची हीच पद्धत होती. कोविडने एके काळी घरंच्या घरं रिकामी केली होती, हे या पिढीने फक्त आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. विषाणू दर वर्षी रूप बदलत सौम्य होत गेला. ताप गेला, धाप गेली. जुना कोविड माणसाला येणारा वास पळवायचा. या नव्या रूपाने वासाला हात लावला नाही, वेदना पळवली. घशात थोडी खवखव, आणि मग काही दिवस माणसाला दुखतच नाही; हीच बधिरी. इतका गुणी आजार पूर्वी कधी झाला नव्हता. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या खुशाल जिने चढायच्या. मग बूस्टर घ्यायला कोण कशाला मरायला जातंय? लसकेंद्रातल्या खुर्च्यांवर मांजरं झोपायची.

पैलवानांनी तर कहर केला. वरच्या तालमीचे वस्ताद बदामाची थंडाई आधी बधिरी झालेल्या पोराला पाजत आणि तोच पेला पुढे फिरवत. प्रसाद घ्यावा तशी पोरं तो पेला ओठाला लावायची.

"तुम्ही बूस्टर घेणार होता," ईश्वरी म्हणाली. "मला शब्द दिला होता."

"मैदान झाल्यावर घेतो की."

"दादानं घेतला. माझ्या शब्दाखातर."

"मग तुझ्या दादाला दुखंल. मला न्हाई दुखणार." इंद्रजितने जळलेला हात फडक्यात गुंडाळला.

तिचा दादा, प्रताप डोंगळे, खालच्या तालमीचा. वरच्या तालमीचा इंद्रजित मगदूम हा त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. यंदा वाळवंडीच्या मैदानात चांदीच्या गदेसाठी हेच दोघे भिडणार होते. गावाला आणखी काय हवं होतं? ईश्वरीला मात्र दोघेही धड घरी यायला हवे होते. तेवढंच तिचं मागणं होतं.

पट्टी बांधायच्या निमित्ताने तिने त्याला लसकेंद्रात नेलं. तिथल्या डॉ. अनघा सबनीस मेंदूच्या संशोधक. बधिरीवर बरीच वर्षं खपून त्या आता कुणी फिरकत नसलेल्या या केंद्रात येऊन बसल्या होत्या.

"हा नवा बूस्टर अंगात शिरलेला विषाणूही हुसकावतो," त्या म्हणाल्या. "आज घेतलात तर मैदानाआधी बधिरी उतरेल."

"उतरवायची कशाला? चांगलं चाललंय की."

"पैलवान, तुम्हाला सुई टोचली तर मेंदूत एक जागा जागी होते. तुमच्यासमोर यांना सुई टोचली, तरीसुद्धा जवळपास तीच जागा जागी होते. म्हणून तर दुसऱ्याचं बोट दारात सापडलं की आपण आपलं बोट झटकतो. मी त्याला परवेदना म्हणते, दुसऱ्याची आपल्यात उमटलेली वेदना. बधिरी ती जागाच झोपवते. तुमचं दुखणं गेलं की समोरच्याचंही जातं. म्हणजे त्याला दुखतच असतं, फक्त तुमच्यापर्यंत पोहोचत नाही."

इंद्रजितने मांडीवर हात मारला. "मॅडम, कुस्ती कराय दुसऱ्याचं दुखणं कशाला पायजे? उलट बरंच की."

"तुमच्या तालमीत पहिला धडा कोणता देतात?"

"जोडीदारानं मातीवर थाप मारली की पकड सोडायची."

"का सोडता?"

असा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. "सोडायचीच असती," तो शेवटी म्हणाला आणि बूस्टर न घेता उठला.

ईश्वरी मागे रेंगाळली. "मॅडम, ते माणूस वाईट न्हाईत."

"मला माहीत आहे. म्हणून तर भीती वाटते."

मैदानाच्या दिवशी हलगी घुमत होती आणि माळावर माणूस मावत नव्हता. डॉ. सबनीस मैदानाच्या डॉक्टर म्हणून मातीच्या कडेला बसल्या होत्या, शेजारी ईश्वरी. दोघा पैलवानांनी एकमेकांच्या अंगावर माती टाकली. "दाजी, जपून हं," प्रताप हसत म्हणाला. इंद्रजितही हसला.

प्रताप ताकदीने सरस होता. त्याने इंद्रजितचा डावा हात पाठीमागे पिरगाळला आणि कोपराजवळ ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. प्रतापने चटकन पकड सोडली. "दाजी! हात..."

तेवढ्यात इंद्रजित वळला. लोंबणाऱ्या हाताकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. उजव्या हाताने त्याने प्रतापचं नाक फोडलं. कुस्तीत ठोसा मारत नाहीत, पण पंच ओरडला नाही. इंद्रजितने त्याला तोंडावर पाडलं, पाठीवर बसला आणि मानेवर गुडघा रोवला. घुटना हा जुना डाव आहे. मानेवर भार द्यायचा, समोरच्याने कळ टाळायला अंग वळवलं की चीत करायचं. भार किती द्यायचा हे पैलवानाला समोरच्याच्या अंगातून कळतं, असं जुने लोक सांगत.

इंद्रजितला काहीच कळत नव्हतं.

प्रतापने मातीवर थाप मारली. मग आणखी एक. मग तो दोन्ही हातांनी माती बडवू लागला. त्याच्या तोंडात रक्त आणि माती कालवली गेली होती. "दाजी... मान... सोडा..."

"सोडा! अहो, सोडा!" ईश्वरी किंचाळली. डॉ. सबनीस शिट्टी फुंकत मातीत धावल्या. पण माळावरच्या हजारो माणसांत ओरडल्या त्या दोघीच. बाकी सगळे शिट्ट्या वाजवत होते, पटके उडवत होते. बायका पोरांना खांद्यावर घेऊन दाखवत होत्या. पंच कमरेवर हात ठेवून कौतुकाने बघत होता. अख्ख्या गावात बधिरी होती आणि कुणालाच दुखत नव्हतं.

डॉ. सबनीस पोहोचायच्या आत इंद्रजितने उरलासुरला भार टाकला. थाप थांबली.

त्याने प्रतापला उताणा केला, खांदे मातीला टेकवले आणि गदेसाठी चांगला हात वर केला. चीत झालेल्या माणसाची मान भलतीकडे वळली होती. हलगी वाजतच राहिली.

सरकारी दवाखान्यात इंद्रजितचा हात प्लॅस्टरमध्ये घातला, दाराशी पोलीस बसवला. भावाला चितेवर पोचवून ईश्वरी आली तेव्हा तो केळं खात होता.

"वाईट झालं गं," तो म्हणाला. एसटी चुकलेला माणूस बोलतो, तसा. "मला ठावं हाय वाईट झालं. पण आत काय हुईना बघ."

ईश्वरी सोबत आलेल्या डॉ. सबनीसांकडे वळली. "ह्यांना बूस्टर द्या."

"ईश्वरी, बधिरी उतरली की सगळं एकदम परत येईल. हात, भाजलेलं, आणि प्रताप. यांना दुखणं म्हणजे काय हेच आत्ता आठवत नाहीये. असल्या माणसाच्या होकाराला काय अर्थ आहे?"

"त्यांनाच विचारा."

"घेतो की!" इंद्रजितने हसत दंड पुढे केला. "सुई काय दुखती व्हय? तुला दिलेला शब्द राहिलाच हुता."

डॉ. सबनीसांनी बूस्टर दिला.

काही दिवसांनी सकाळी तो कण्हत जागा झाला. आधी हात आठवला. मग त्याने समोर बसलेल्या ईश्वरीकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं, आणि त्याचा चेहरा फाटत गेला. "दादा..." म्हणून तो जे ओरडला ते ऐकून दाराचा पोलीस उठून उभा राहिला. इंद्रजितने पलंगाच्या कठड्यावर डोकं आपटलं. कपाळ फुटलं. डॉ. सबनीस इंजेक्शन भरून धावत आल्या.

"याने वेदना थांबेल, झोपही लागेल. देऊ?"

इंद्रजितला बोलता येत नव्हतं. त्याने चांगला हात उचलला आणि गादीवर थाप मारली. एक, दोन, मग सारख्या, तालमीत शिकवल्यासारख्या.

ईश्वरीने आजवरचे सगळे बूस्टर घेतले होते. त्याची प्रत्येक कळ तिच्या अंगातून जात होती. तिने दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले.

"नको," ती म्हणाली.

डॉ. सबनीसांनी तिच्याकडे पाहिलं. बूस्टर त्यांनीही घेतलेले होते. त्यांनी इंजेक्शन ट्रेमध्ये परत ठेवलं, आणि दोघी तिथेच उभ्या राहिल्या. गादीवर थाप पडत होती.